चेनची कडी काढू नका, चेन मोजा!

पहाटेच्या शिफ्टला निघालेला कामगार, दारोदार पेपर टाकणारा पोरगा, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून निघालेला भाऊ आणि दप्तर अडकवून शाळेची वाट धरणारी आपली मुलगी, या सर्वांचे वाहन एकच, ते म्हणजे सायकल. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल असल्याची नोंद झाली होती. आता रस्त्यावर मोटारसायकली फार दिसतात हे खरे. पण ज्या घरात पेट्रोलचा खर्च परवडत नाही, त्या घरचा रोजगार आणि त्या घरच्या लेकरांचे शिक्षण आजही सायकलच्या दोन चाकांवर चालते.

या सायकलची आपण काळजी घेतो म्हणजे काय करतो? हवा भरतो, पंक्चर काढतो, ब्रेकचे रबर झिजले तर बदलतो. चेनकडे मात्र आपले लक्ष जात नाही. चेन पडली की हात काळे करून ती चढवायची आणि पुढे निघायचे. फारच सैल झाली तर दुकानात नेऊन एक कडी काढून आणायची. "चालते आहे ना, मग चालू दे," असे आपण म्हणतो. आम्हीही हेच म्हणत होतो. त्याची किंमत आमच्या मुलीच्या गुडघ्याने मोजली, म्हणून आज हे लिहीत आहोत.

आमच्या घरी घडलेली गोष्ट

आमच्या घरची सायकल २२ इंची, साधी, बिनगिअरची. आधी काही वर्षे ती आम्ही कामावर जाण्यासाठी वापरली. पुढे मुलगी कॉलेजला जाऊ लागली तेव्हा तिला दिली. चेन सैल झाली म्हणून आम्ही मागचे चाक मागे ओढून घेतले. चाक ओढायला खाचेत जागा उरली नाही तेव्हा दुकानात गेलो. दुकानदाराने चेनची एक कडी काढून दिली. चेन पुन्हा ताठ झाली आणि आम्ही निर्धास्त झालो. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तेच झाले, पुन्हा एक कडी काढली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एके सकाळी मुलगी पुलाचा चढ चढत होती. चढावर आपण सगळेच करतो तसे सीटवरून उठून तिने पायडलवर अंगाचा सगळा भार टाकला. त्याच क्षणी चेन दात्यावरून सटकली, पायडल एकदम मोकळे फिरले आणि ती रस्त्यावर आपटली. गुडघ्याला चार टाके पडले, आठवडाभर कॉलेज बुडाले. मागून त्या वेळी हातगाडी येत होती. ट्रक येत असता तर काय झाले असते, हा विचार तिच्या आईच्या मनातून अजून जात नाही.

आम्ही लगेच नवी चेन आणून बसवली. आणि आश्चर्य असे की सायकल आधीपेक्षा जास्त सटकू लागली! नवी चेनच खराब निघाली असे समजून आम्ही दुकानदाराशी भांडायला गेलो. तिथे एक वयस्कर मिस्त्री बसले होते. ते आम्हाला काही बोलले नाहीत. त्यांनी भंगाराच्या डब्यातून आमची जुनी चेन शोधून काढली, तिच्या कड्या मोजल्या आणि तेवढ्याच कड्यांची एक नवी चेन घेतली. दोन्ही चेन शेजारी शेजारी खिळ्याला टांगल्या. वरची टोके बरोबर होती. खाली मात्र जुनी चेन नवीपेक्षा जवळपास दोन इंच जास्त लोंबत होती.

"काका, दोन कड्या काढल्या होत्या ना आम्ही?" मुलीने विचारले.

"दोन इंच कापली पोरी, आणि दोन इंच वाढली," मिस्त्री म्हणाले. "कापून दुखणे जात नाही, नुसते लपते."

त्या एका वाक्यात सगळा विषय आला. तो नीट समजावून सांगावा म्हणून हा लेखप्रपंच.

चेन ताणत नाही, झिजते

"चेन ताणली" असे आपण म्हणतो, पण पोलादाची पट्टी रबरासारखी ताणत नाही. चेन लांब होते ती झिजेमुळे. चेनमध्ये एकीआड एक अरुंद आणि रुंद कड्या असतात. त्या एकमेकींना पिनेने जोडलेल्या असतात आणि पिनेभोवती बुश व त्यावर फिरणारा रोलर असतो. चेन दात्यांवर वळते तेव्हा प्रत्येक पिन आपल्या जागी थोडी फिरते. धूळ, वाळू आणि चिखल आत शिरला की तिथे कानस घासल्यासारखे होते. पिन झिजते, तिचे घर मोठे होते आणि दोन कड्यांमधले अंतर किंचित वाढते.

हे वाढणे किती असते? चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चेन बदलण्याची वेळ येते तेव्हा प्रत्येक सांध्यात जेमतेम माणसाच्या केसाच्या जाडीएवढी झीज झालेली असते. ती डोळ्यांना दिसणार कशी? पण साध्या सायकलच्या चेनमध्ये असे शंभराहून अधिक सांधे असतात. केसाएवढ्या झिजेची बेरीज शंभर सांध्यांत पाव इंचाच्या पुढे जाते. म्हणून चेन डोळ्यांनी पाहून कळत नाही, मोजून मात्र लगेच कळते.

अशी बुश-रोलरची चेन हॅन्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारागिराने १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार केली. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाला असे. १८८५ च्या सुमारास जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. तिच्यात दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि चेन मागचे चाक फिरवत होती. आज आपल्या दारात उभी असलेली सायकल त्याच घडणीची आहे. आता साध्या आणि गिअरच्या सायकलींच्या चेनचा अर्धा इंचाचा हिशेब एकच आहे, त्यामुळे मोजण्याची रीतही सर्वांना एकच लागू पडते.

मोजायचे कसे?

यासाठी महागडे अवजार लागत नाही. इंचाच्या खुणा असलेली पोलादी पट्टी पुरे. शिवणकामाची कापडी टेप घेऊ नये, ती ताणते. सुताराची लोखंडी टेप चालेल. पण तिच्या टोकाचा आकडा थोडा हलता असतो, म्हणून शून्यापासून न मोजता १ इंचाच्या खुणेपासून १३ इंचाच्या खुणेपर्यंत मोजावे.

आधी चेन कापडाने पुसून घ्यावी म्हणजे पिना स्पष्ट दिसतात. सायकल स्टँडवर लावावी. घरातील एकाने मागचे चाक धरून ठेवावे आणि दुसऱ्याने पायडल पुढच्या बाजूला हलके दाबावे. त्यामुळे चेनची वरची बाजू ताठ होते. सैल चेन मोजू नये, माप चुकते.

आता पट्टीची सुरुवातीची खूण एका पिनेच्या बरोबर मध्यावर धरावी. तिथून पुढे २४ पिना मोजाव्यात. चेन नवी असेल तर चोविसावी पिन बरोबर १२ इंचाच्या खुणेवर येते. चेन झिजली असेल तर ती पिन खुणेच्या पुढे गेलेली दिसते. किती पुढे गेली, एवढेच पाहायचे.

कारखान्यात, सुतारकामात, गवंडीकामात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना 'सूत' हे माप सांगावे लागत नाही. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्या मापाने हिशेब असा आहे:

पिन खुणेवर आहे किंवा अर्ध्या सुतापेक्षा कमी पुढे आहे: चेन चांगली आहे. तेल द्या आणि वापरा.

पिन अर्धे सूत पुढे आहे, म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडे वर: चेन बदलण्याची वेळ आली. आता बदलली तर मागचे फ्रीव्हील आणि पुढचे दातेरी चक्र बहुधा वाचते.

पिन एक सूत किंवा त्याहून पुढे आहे, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर: चेन संपली. ती बदलायचीच, आणि फ्रीव्हीलचे दातेही झिजले असण्याची शक्यता फार मोठी आहे.

टक्क्यांत सांगायचे तर अर्धे सूत म्हणजे सुमारे अर्धा टक्का आणि एक सूत म्हणजे सुमारे एक टक्का वाढ. साध्या सायकलची चेन जाड असते, त्यामुळे अर्ध्या सुतानंतर थोडे दिवस ती निभावून नेते. महिनाअखेर असेल तर पगार होईपर्यंत थांबता येईल, पण एक सुतापर्यंत जाऊ देऊ नये. गिअरच्या सायकलची चेन अरुंद असते आणि तिला दातेही जास्त महाग लागतात. तिथे अर्धे सूत दिसताच चेन बदलावी.

पूर्ण चेनकव्हर असलेल्या सायकलवर पट्टी लावता येत नाही. अशा वेळी वर्षातून एकदा कव्हर उघडून चेन काढावी, स्वच्छ करावी आणि खिळ्याला टांगून मोजावी. टांगलेल्या चेनचे ९६ सांधे मोजले तर ४८ इंच भरले पाहिजेत. तिथे पाव इंच जास्त भरले तर ते वरच्या हिशेबातील अर्ध्या सुताएवढे, आणि अर्धा इंच जास्त भरले तर एक सुताएवढे समजावे. लांब मोजल्याने चूकही कमी होते.

दुकानात 'चेन चेकर' नावाची छोटी पट्टी मिळते. तिच्यावर ०.५, ०.७५, १.० असे आकडे असतात आणि तिचे टोक चेनमध्ये अडकवून पाहतात. ती सोयीची आहे. पण तिच्यातील अनेक प्रकारांत रोलरचा ढिलेपणाही मापात धरला जातो, त्यामुळे झीज आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. पिनेपासून पिनेपर्यंतचे माप हेच खरे माप होय.

कडी काढल्याने काय होते?

आता हिशेब करून पाहू. साध्या सायकलला ११२ सांध्यांची चेन असेल तर तिची लांबी ५६ इंच भरते. कडी काढायची म्हणजे एक अरुंद आणि एक रुंद अशी जोडी काढावी लागते, म्हणजे पूर्ण एक इंच. चेन मुळात योग्य लांबीची बसवलेली असेल, तर एक इंच कापण्याइतकी जागा होण्यासाठी ती जवळपास एक इंच वाढलेली असली पाहिजे. ५६ इंचांत एक इंच म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या वर. चेन एक टक्का वाढली म्हणजे ती संपली हे आपण आताच पाहिले. याचा अर्थ असा की, ज्या दिवशी कडी काढण्याची वेळ येते, त्याच्या कितीतरी आधी ती चेन फेकण्याजोगी झालेली असते!

कडी काढून चेनची लांबी कमी होते, पण उरलेल्या प्रत्येक कडीतले अंतर तसेच वाढलेले राहते. दात्यांना लांबीशी काम नसते, अंतराशी असते. दात्यांमधले अंतर अर्ध्या इंचाचे आणि चेन त्याहून मोठी, मग ती सर्व दात्यांवर सारखी बसणार कशी? चौघांनी मिळून तुळई उचलली आणि त्यांतल्या तिघांचे खांदे खाली राहिले, तर सगळे ओझे एकावर येते. तसेच इथे होते. ओझे मोजक्या दात्यांवर पडते, ते दाते एका बाजूने खाल्ले जातात आणि आकड्यासारखे वाकडे, टोकदार होतात.

यात सर्वांत आधी बळी जाते ते फ्रीव्हील. पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचा प्रत्येक दाता जवळपास अडीच वेळा चेनला भिडतो. म्हणून मागचे दाते लवकर जातात.

नवी चेन बसवल्यावर आमची सायकल जास्त का सटकू लागली, याचे उत्तरही इथेच आहे. जुनी चेन आणि जुने दाते बरोबरीने झिजले होते, म्हणून कसेबसे जमवून घेत होते. नव्या चेनचे अंतर बरोबर अर्ध्या इंचाचे, ती झिजलेल्या दात्यांत बसेना. जोर लावला की ती दात्यांवर चढून उडी मारत असे. शेवटी आम्हाला फ्रीव्हीलही बदलावे लागले. वेळेवर चेन बदलली असती तर फ्रीव्हीलचा खर्च वाचला असता आणि मुलीचे रक्तही वाचले असते. दुकानदार वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. आम्ही कडी काढायला सांगितली, त्याने काढून दिली. मोजायला हवे होते ते आम्हीच.

नवी चेन बसवताना

फ्रीव्हीलचे दाते नीट पाहावेत. दोन्ही बाजू सारख्या असतील तर ठीक. एक बाजू खोल खाल्लेली असेल तर फ्रीव्हीलही बदलावे. नवी चेन बसवून रस्त्यावर नेण्याआधी मोकळ्या जागेत, गर्दी नसेल तिथे, जोर लावून पाहावे. सटकली तर दाते गेले असे समजावे.

चेनचे लॉक बसवताना त्याचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. वरच्या बाजूने पाहिले तर चेन पुढे धावते, म्हणून तिथे बंद तोंड पुढे. उलटे बसवले तर कशाला तरी घासून लॉक निसटण्याची भीती असते.

चेन फार ताठ ठेवू नये. पायडल सावकाश फिरवत चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथे थांबावे आणि मधोमध बोटाने वर-खाली करून पाहावे. साधारण अर्धा इंच हलली पाहिजे.

चेनचे आयुष्य वाढवायचे तर

चेन किती महिने किंवा किती किलोमीटर टिकते, असे अनेकजण विचारतात. याला एक आकडा देता येत नाही. डांबरी रस्त्यावर, कव्हरमध्ये, वेळेवर तेल मिळालेली चेन वर्षानुवर्षे टिकते. खडीच्या धुळीत, पावसात, कोरडी चाललेली चेन लवकर जाते. म्हणूनच तारीख न पाहता माप पाहावे.

पंधरा दिवसांनी एकदा चेन कोरड्या कापडाने पुसावी आणि प्रत्येक सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. पायडल उलटे फिरवून तेल आत जाऊ द्यावे आणि मग बाहेरचे तेल पुसून टाकावे. तेलाचे काम आतल्या पिनेशी आहे. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि त्या धुळीनेच चेन घासली जाते. पावसात भिजलेली चेन त्याच दिवशी पुसावी.

गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून चेनला लावू नये. त्यात धातूचा बारीक कीस असतो आणि ते कातडीलाही चांगले नाही. खाण्याचे तेल काही दिवसांनी चिकट होते. चेन धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरले तर चुलीपासून आणि लहान मुलांपासून दूर, उघड्यावर वापरावे. धुतल्यावर चेन पूर्ण वाळवून मगच तेल द्यावे.

आणखी एक महत्त्वाची सूचना. चाक जोरात फिरवत चेनवर कापड धरण्याची मुलांना सवय असते. कापडाबरोबर बोट दात्यांत ओढले जाते आणि क्षणात पेर तुटते. चेन पुसताना ती थांबलेलीच असावी. थोडी पुसावी, मग पायडल थोडे फिरवावे. चेन मोजताना मदतीला असलेल्याने पायडल एकदम दाबू नये. मुलींच्या सायकलचे चेनकव्हर तुटले असेल तर ते आधी बसवून घ्यावे, ओढणी अडकून होणारे अपघात त्याने टळतात.

आता आमच्या घरी नियम केला आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा चेन मोजायची. माप आणि तारीख मुलगी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते. धाकटा भाऊ पायडल दाबून धरतो आणि चोवीस पिना मोठ्याने मोजतो. शाळेत न समजलेले अपूर्णांक त्याला या चेनवर समजले. गल्लीतल्या शेजाऱ्यांनीही सायकली आणल्या. पहिल्याच रविवारी सात चेन मोजल्या, त्यांपैकी तीन एक सुताच्या पुढे निघाल्या. त्यांतली एक सायकल रात्रपाळीहून एकटे येणाऱ्या एका भावाची होती. त्यांनी त्याच आठवड्यात चेन बदलून घेतली.

बंधू-भगिनींनो, येत्या सुटीच्या दिवशी दहा मिनिटे काढा. मुलांना बरोबर घ्या, एक पोलादी पट्टी घ्या आणि घरची चेन मोजा. पिन खुणेवर असेल तर समाधानाने तेल द्या. पुढे गेली असेल तर चेन बदला. पण कोणी "एक कडी काढून देतो" म्हणाले, तर त्यांना हात जोडून सांगा, "आधी मोजून दाखवा."